ऑगस्टमधली शर्यत, आरसी ३९० आणि टायरची एकच जोडी

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका मुलीचा आहे. तिच्याकडे केटीएम आरसी ३९० आहे. रोज ऐरोलीच्या ऑफिसला ती त्याच गाडीने जाते, आणि ऑगस्टच्या शेवटी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिची पहिली हौशी शर्यत आहे. ती लिहिते: "दादा, टायरच्या एकाच जोडीपुरते पैसे आहेत. ग्रुपमधले निम्मे म्हणतात सेमी-स्लिक घे. बाकीचे म्हणतात पाऊस असणारच, रेन टायर मागव. दुकानदार म्हणतो आहे तोच चालेल. काय घेऊ? आणि हवा किती ठेवू?"

तारीख जवळ आहे म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं मागून. सेमी-स्लिक (अगदी कमी खाचांचा, शर्यतीसाठीचा टायर) नको, रेन टायर (फक्त ओल्या ट्रॅकसाठीचा) नको, आणि आता गाडीवर आहे तो ऑफिसच्या फेऱ्यांनी झिजलेला टायरही नको. रस्त्यासाठी बनलेला, पण स्पोर्ट वर्गातला, सिलिका कंपाउंडचा, म्हणजे सिलिका मिसळलेल्या रबराचा, रेडियल घे. मूळ मापातच घे: पुढे ११०/७० आर १७, मागे १५०/६० आर १७ (रुंदी मिमीत, मग बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचा व्यास इंचांत). त्याआधी एक फोन मात्र कर. आयोजकांकडून तुझ्या वर्गाचे तांत्रिक नियम मागवून घे. काही मालिकांत टायरची कंपनी आणि मॉडेल आयोजकच ठरवून देतात. तसं असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, फक्त हवेचा उरतो.

वागळे इस्टेटमध्ये माझं सस्पेन्शन आणि टायरचं काम आहे आणि मोसमात मी इथल्या मुलामुलींबरोबर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्यांची कामं होतात तिथे, असतो. दर वर्षी हाच प्रश्न येतो. त्यावर होणारी सगळी चर्चा ग्रिपभोवती फिरते: कोणत्या टायरला ग्रिप जास्त? माझ्या मते हौशी रायडरने आधी दुसरी गोष्ट विचारायला हवी. तो टायर किती तापमानापासून किती तापमानापर्यंत नीट काम करतो? हवामान सरमिसळ असेल तर शर्यतीचा निकाल याच पट्ट्यात लागतो.

रबर गुळासारखं वागतं. थंड असताना टणक, जरा ऊब मिळाली की बोटाला धरतं, फार तापलं की पाघळतं. प्रत्येक कंपाउंडची ही ऊब वेगळी असते. स्लिक (खाचाच नसलेला) आणि सेमी-स्लिकचं कंपाउंड उच्च तापमानासाठी बनवलेलं असतं. म्हणून मोठ्या शर्यतींत टायर वॉर्मरमध्ये ८० अंशांच्या आसपास तासभर गुंडाळून ठेवतात आणि गाडी गरम टायरवरच बाहेर पडते. तुझ्याकडे वॉर्मर नाहीत, ते चालवायला जनरेटर नाही, आणि ३९० ची ताकद व वजन इतकं कमी आहे की ओल्या ट्रॅकवर तो टायर स्वतःच्या कामाने त्या तापमानाला पोचणारच नाही. म्हणजे सगळ्यात महाग टायर घालून तू पहिल्या वळणावर सगळ्यात टणक रबरावर गाडी झुकवणार.

रस्त्याच्या स्पोर्ट टायरचं गणित निराळं असतं. त्याला सकाळी थंडीत सोसायटीच्या गेटबाहेर पडल्यापासून पकड द्यावी लागते. म्हणून त्याच्या रबरात कार्बन ब्लॅकबरोबर सिलिका भरपूर असते. सिलिकामुळे रबर कमी तापमानालाही लवचिक राहतं आणि ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत शिरू शकतं. कोरड्यात चांगल्या सेमी-स्लिकपेक्षा तो हळू, हे मान्य. पण पहिल्या शर्यतीत तो फरक वसूल करण्याइतकी गाडी कुणी झुकवत नाही. पडल्यामुळे जाणारे सेकंद मात्र सगळेच मोजतात.

आता "आहे तोच चालेल" या सल्ल्याबद्दल. दुकानदाराने टायरची नक्षी पाहिली असेल, आकार पाहिला नसेल. ठाणे-बेलापूर रोडवर सरळ रेषेत रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. गाडी स्टँडवर लाव, मागे जमिनीवर बस आणि टायरची गोलाई नीट बघ. मध्ये एक सपाट पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना हलकी धार दिसेल. रस्त्यावर ही धार जाणवत नाही. ट्रॅकवर गाडी सरळ असताना ठीक असते, पूर्ण झुकलेली असतानाही ठीक असते, पण एका स्थितीतून दुसरीत जाताना त्या धारेवरून ती एकदम पडल्यासारखी झुकते. ओल्यात नेमकं हेच नको असतं. शिवाय झिजल्यामुळे मधल्या खाचा उथळ झालेल्या असतात, आणि सरळ पट्टीवर वेगात पाणी कापायचं काम त्याच खाचांचं असतं.

खाचांचा विषय निघालाय तर थोडा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. "खाचा जास्त म्हणजे पावसात ग्रिप जास्त" हे अर्धंच खरं आहे. ट्रॅक नुसता ओला असेल, चकाकत असेल, पण पाणी साचलेलं नसेल, तर पकड देतं ते कंपाउंड. खाचा उपयोगी पडतात त्या पाणी साचल्यावर, कारण त्या पाण्याला बाहेर जायला वाट देतात. वाट मिळाली नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि हॅन्डल अचानक हलकं होतं. मोटरसायकलचा टायर गोल असल्यामुळे त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबट आणि निमुळता असतो, म्हणून चारचाकीच्या मानाने तो पाणी बरं कापतो. पण टायर मधोमध सपाट झाला असेल तर हा फायदा कमी होतो.

हवेचा दाबही इथेच येतो. तरंगण्याचा धोका कुठल्या वेगाला सुरू होतो ते दाबावर अवलंबून असतं. दाब कमी तर तो वेगही कमी. विमानांच्या टायरांवर नासाने केलेल्या कामातून हा संबंध पक्का झाला आणि तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. तरीही "पावसात हवा कमी कर, टायर पसरेल, पकड वाढेल" हा सल्ला पिटमध्ये हमखास ऐकू येईल. अर्धा ट्रॅक पाण्याखाली असताना तो सल्ला ऐकू नकोस.

सेमी-स्लिक सुचवणाऱ्यांचीही एक बाजू आहे. सरमिसळ हवामानात रोड टायर वापरला तर शर्यत कोरडी पडल्यावर मागे पडशील, असं त्यांचं म्हणणं आहे. मे महिन्यात, कोरड्या ट्रॅकवर, दुसऱ्या-तिसऱ्या मोसमात मीही सेमी-स्लिक सुचवेन. ऑगस्टमध्ये, पहिल्या शर्यतीला आणि एकाच जोडीवर नाही. आपल्याकडचा पाऊस डोक्यात ठेवून तिथला अंदाज बांधू नकोस. ठाण्यात ऑगस्टमध्ये संततधार लागते, आठवडाभर कपडे वाळत नाहीत. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. ऑगस्टमध्ये तिथे दिवसभर ऊन तापतं आणि दुपार कलल्यावर गडगडाटासह एखादी सर येते. अर्धा तास धो धो, मग पुन्हा ऊन. डांबर इतकं तापलेलं असतं की पाण्याची वाफ दिसते. म्हणजे एकाच दिवसात तुझा सराव कोरडा, पात्रता फेरी भर पावसात आणि शर्यत वाळत्या ट्रॅकवर होऊ शकते. वाळता ट्रॅक सगळ्यात अवघड, कारण एकाच लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, ओलं आणि कोरडं दोन्ही सापडतं.

रेन टायर इथेच अडचणीत येतात. त्यांचं रबर अगदी मऊ असतं आणि खाचा खोल, म्हणून खाचांमधला रबराचा प्रत्येक ठोकळा स्वतंत्र हलतो आणि त्या हालचालीने रबर तापतं. पाणी त्याला थंड ठेवतं. पाणी संपलं की थंड ठेवणारं काही उरत नाही आणि काही लॅप्समध्ये ठोकळ्यांच्या कडा फाटून लोंबायला लागतात. रेन टायरवर वाळत्या ट्रॅकवर अडकलेले रायडर मुद्दाम ओला भाग शोधत फिरताना दिसतात ते यासाठीच. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतींत, अशा वेळी पिटमध्ये येऊन गाडी बदलता येते. शर्यतीच्या मध्यात गाड्या बदलल्या गेल्या त्या पहिल्यांदा २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला. पण तिथे प्रत्येकाची दुसरी गाडी तयार उभी असते. तुझ्याकडे एकच गाडी आहे, तेव्हा ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रांगेत, जे टायर लावून उभी राहशील तेच शेवटपर्यंत.

पुढे कधी हौस आणि खिसा दोन्ही वाढले तर रेन टायर नुसते घेऊ नकोस, दुसऱ्या रिम्सवर चढवून ठेव. डिस्क, स्प्रॉकेट, रबर डॅम्पर सगळं बसवलेलं हवं. मग पॅडॉक स्टँडवर चाकं बदलायला फार वेळ लागत नाही. नुसते टायर असतील तर ऐन सत्राच्या मध्ये टायर बदलणारा कुठे शोधणार? या मापातले रेन टायर आपल्या दुकानांत सहज मिळत नाहीत.

मापाबद्दल अजून एक गोष्ट, कारण ग्रुपमधला कोणीतरी तुला मागे १४०/७० लावायला नक्की सांगेल. काही अनुभवी रायडर लावतातही आणि त्यांची कारणं असतात. १५०/६० चा बाहेरचा व्यास साधारण ६१२ मिमी येतो, १४०/७० चा ६२८ मिमी. म्हणजे गाडी मागून ८ मिमी उचलली जाते, वजन पुढे सरकतं आणि वळणात शिरणं चपळ होतं. पण व्यासात जवळजवळ अडीच टक्क्यांचा फरक पडतो, आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) व ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना मागचं चाक घसरू न देणारी) पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांची तुलना करूनच काम करतात. हे तू नंतर, कोरड्यात, कोणी जाणकार बरोबर असताना करून बघ. पहिल्या शर्यतीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, कारण गाडी वेगळी वागली तर कशामुळे ते कळत नाही. याच्या उलट, मागे अजून रुंद टायर लावायचा मोहही टाळ. रिमच्या मानाने टायर रुंद झाला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, गोलाई बिघडते आणि झुकल्यावर उलट कमी रबर जमिनीला लागतं.

नावं विचारशील म्हणून सांगतो. पिरेली डायब्लो रोसो ३ हा मला हव्या असलेल्या वर्गातला टायर आहे. मेट्झेलर स्पोर्टेक एम ५ त्याच घराण्यातला. मिशेलिन रोड ५ हा मुळात स्पोर्ट-टूरिंग, ओल्यात मन शांत ठेवणारा. आदल्या आठवड्याचा अंदाज सगळा पावसाचाच असेल तर मी तुला तोच देईन. भारतीय बनावटीत अपोलो अल्फा एच १ या मापात येतो आणि खिशाला परवडतो. सरावाच्या दिवसांसाठी मी तो बिनधास्त सुचवतो. यांपैकी जो ताज्या तारखेचा मिळेल तो घे. तारखेवर माझा भर नावापेक्षा जास्त आहे.

तारीख कशी वाचायची ते बघ. टायरच्या बाजूवर डॉट असं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा, साधारण एप्रिल. दुकानात टायर उभा करून टॉर्चच्या उजेडात ते आकडे स्वतः वाच. कधी ते भिंतीकडच्या बाजूला असतात, तेव्हा टायर फिरवायला सांग. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली. तेव्हापासून परदेशी टायरचा पुरवठा कधी असतो, कधी नसतो, आणि गोदामात राहिलेला जुना माल नव्याच्या भावात पुढे येऊ शकतो. रबर नुसतं ठेवूनही कडक होतं. शर्यतीसाठी मी दोन वर्षांपेक्षा जुना टायर चढवत नाही. चढवतो ते टायर आयएसआय खुणेचे. रोटेशनचा बाण बघूनच चढवून घे, कारण ओल्यात खाचांची दिशा उलटी असेल तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत ढकललं जातं.

टायर चढवल्यावर रिमवर आणि त्याला लागून टायरच्या बाजूवर, व्हॉल्व्हजवळ, पिवळ्या पेंट मार्करने एकच सरळ रेघ ओढ. जोरात ब्रेक मारल्यावर किंवा एकदम थ्रॉटल पिळल्यावर टायर रिमवर सरकला तर ती रेघ तुटलेली दिसेल. सत्रानंतर दर वेळी त्या रेघेकडे नजर टाकायची. चढवताना साबणाचं पाणी लावलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवशी जोर लावायचा नाही. आणि इथून निघण्याआधी दोन-तीन दिवस नेहमीच्या वेगाने ऑफिसला जाऊन ये, नव्या टायरची गुळगुळीत चकाकी निघून जाऊ दे. त्यापलीकडचा सराव रस्त्यावर करू नकोस. रात्री पाम बीच रोडवर जाऊन टायर "बघणारे" मला माहीत आहेत. तिथे माणसं चालतात, गाड्या वळतात, आणि टायरबद्दल काही कळतही नाही. सरळ रस्त्यावर टायरच्या कडा कधी तापतच नाहीत, आणि शर्यतीत कामाला येतात त्या कडाच.

आता हवा. टायरमधली हवा दर १० अंश तापमानवाढीला साधारण दीड पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) चढते. शाळेत शिकलेला वायूचा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. कोरड्या ट्रॅकवर तुझ्या वजनाच्या गाडीचा पुढचा टायर ३० अंशांवरून ६० च्या आसपास जातो असं धर, म्हणजे चार-सव्वाचार पीएसआयची वाढ. थंड २८ भरलीस तर सत्र संपताना ३२ मिळेल. आता तीच २८ पावसात भर. ट्रॅक थंड, पाणी टायर थंड करतंय, तापमान ४० वरच अडकलं, म्हणजे वाढ फक्त दीड. सत्र संपताना साडेएकोणतीस. टायर मऊ पडलेला, खाचा दबून बंद झालेल्या, हॅन्डल जड.

म्हणून मी ओल्यात थंड हवा कोरड्यापेक्षा दीड ते दोन पीएसआय जास्त ठेवतो. तुझ्यासाठी सुरुवातीचे आकडे असे: कोरड्यात थंड असताना पुढे २८, मागे २७. भर पावसात पुढे ३०, मागे २९. ट्रॅक वाळत असेल तर कोरड्याच्या आकड्यात एक मिळव आणि तिथेच थांब. हे तुझ्या गाडीच्या आणि रोड-स्पोर्ट रेडियलच्या हिशेबाने आहेत. टायर कंपनीने ट्रॅकसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धर. दाब दर वेळी एकाच गेजने मोज. पेट्रोल पंपावरचा काटा आणि पिटमधला काटा यांचं कधी जमत नाही. चांगलं डिजिटल गेज एकदाच विकत घे आणि ते फक्त तूच वापर.

थंड म्हणजे खरंच थंड हवं. सकाळी सावलीत भरलेली हवा दुपारी उन्हात उभ्या गाडीत दोन पीएसआय जास्त दिसते, आणि मग कोणीतरी "जास्त झाली" म्हणून सोडतो. गाडी सावलीत लाव, टायरवर टॉवेल टाक, आणि निघायच्या आधी तासभर तिथेच ठेव. दुसरं, पावसाळ्यात आपल्याकडच्या कम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं. ते बाष्प टायरमध्ये गेलं की तापल्यावर दाब हिशेबापेक्षा जास्त चढतो. नायट्रोजनचा खरा फायदा एवढाच, तो कोरडा असतो. तोही मिळाला नाही तर कम्प्रेसरवाल्याला आधी टाकीचं पाणी सोडायला सांग आणि मग हवा भरून घे.

पावसात गाडीत आणखी फार काही बदलायचं नाही. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबलेली ठेवायची ते, एक खाच कमी कर. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नकोस.

ट्रॅकवर गेल्यावर टायर तापवण्यासाठी साप चालतो तशी वळवळ करायची नसते. टीव्हीवर मोटारी ती करतात म्हणून सगळे करतात. दुचाकीचा टायर तापतो तो दाबला जाण्याने आणि सुटण्याने, म्हणजे सरळ रेषेत ब्रेक मारल्याने आणि पिळल्याने. पहिल्या लॅपला प्रत्येक सरळ पट्टीवर दोनदा गाडी सरळ ठेवून ब्रेक दाब, मग पिळ. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात, त्यामुळे टायरचा डावा खांदा, म्हणजे डावी कड, तापण्यात कायम मागे राहते. सलग उजव्या वळणांनंतर येणारं पहिलं डावं वळण ओल्यात जपून घे.

ओल्यात लाइन बदलते. कोरड्यात सगळे जिथून जातात तिथे रबराचा थर बसतो आणि पाणी पडलं की तोच थर निसरडा होतो. म्हणून पावसात त्या लाइनच्या एक-दीड मीटर बाहेरून जा, जिथे डांबर खडबडीत आहे. वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या कर्ब आणि पांढऱ्या पट्ट्यांवर झुकलेल्या गाडीचं चाक जाऊच द्यायचं नाही. ट्रॅक वाळायला लागला की आधी नेहमीची लाइन वाळते, कारण सगळ्यांची चाकं तिथलं पाणी उडवतात. तेव्हा हळूहळू आत परत ये, पण ओव्हरटेक करायला बाहेर गेलीस तर तिथे अजून पाणी आहे हे ध्यानात ठेव. मार्शल पांढऱ्यावर लाल तिरपी फुली असलेला झेंडा दाखवतो तेव्हा त्या भागात थेंब पडू लागलेले असतात. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा म्हणजे तिथे पकड कमी आहे. हे दोन झेंडे डोळ्यांत पक्के बसव. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, एका टोकाला ऊन असताना दुसऱ्या टोकाला सर कोसळत असू शकते, आणि ते मार्शलला तुझ्याआधी कळतं.

सत्र संपवून आलीस की हेल्मेट काढायच्या आधी, टायर गरम असताना, आधी हवा मोज आणि वहीत लिही: किती वाजता, ट्रॅक कसा, निघताना किती, आल्यावर किती. मग ग्लोव्ह काढून टायरच्या खांद्यावर अंगठ्याचं नख रोव. नख जरासं रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली तर टायर कामाच्या तापमानाला होता. नख नुसतं घसरलं तर तो थंड राहिला, मग ट्रॅक कोरडा असेल तर हवा एक पीएसआय उतरव. पृष्ठभाग बारीक दाणेदार, रवाळ झालेला दिसला तर काळजीचं काही नाही. पण रबराच्या लांब पट्ट्या सुटलेल्या किंवा खोल ओरखडे दिसले तर तापमान कुठेतरी जुळत नाही. अशा वेळी वही, हवेचे आकडे आणि टायरचा फोटो घेऊन जाणकाराला विचार. पिटमध्ये दोन गाड्या सोडून कोणीतरी असतोच आणि शर्यतीतली माणसं विचारलं की सांगतात.

प्रवासाचं एक सांगून टाकतो. जुना एनएच ४ आपल्या ठाण्यापासून निघून चेन्नईपर्यंत जायचा, आणि इरुंगाट्टुकोट्टई त्याच महामार्गालगत आहे. म्हणून कोणीतरी म्हणेल, गाडी चालवतच घेऊन जा. बाराशेहून जास्त किलोमीटर सरळ रस्त्यावर चालवून नवा टायर मधोमध सपाट करायचा आणि मग शर्यतीला उभं राहायचं, याला अर्थ नाही. टेम्पोतून किंवा ट्रान्सपोर्टने पाठव. बांधताना पट्टे सस्पेन्शन थोडं दाबतील इतकेच ओढ, आणि टायरमध्ये रस्त्याची पूर्ण हवा ठेव. तिथे पोचल्यावर ती उतरवून वर दिलेल्या आकड्यांवर आण.

स्पर्धेचा परवाना एफएमएससीआयचा (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचा) लागतो, त्याची कागदपत्रं टायरच्याही आधी पूर्ण कर. टायर आता मागवलास तर जुलैअखेर चढवून, दोन-तीन दिवस फिरवून, वेळेत होईल.

शेवटी तू न विचारलेला पण मनात असणारच असा प्रश्न: शर्यतीनंतर हेच टायर ऑफिसला चालतील का? चालतील, आणि रोड टायर सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. सेमी-स्लिक गरम-थंड झाल्याच्या काही फेऱ्यांनंतर कडक होतो आणि सप्टेंबरच्या पावसात ऐरोलीच्या पुलावर तुला घाबरवेल. रोड-स्पोर्ट टायरच्या कडा ट्रॅकवर खरखरीत होतील, मधला भाग जवळजवळ नवाच राहील, आणि ऑफिसला जाताना काम मधल्याच भागाला असतं. परत आल्यावर चाकं काढून बॅलन्सिंग करून घे, खाचांत अडकलेली खडी काढ, बाजूंना चीर आहे का बघ, आणि हवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर परत आण. २७-२८ वर ठाण्याच्या खड्ड्यांतून गेलीस तर टायर वाचेल, रिम वाचणार नाही.